खड्डा कुठे खणलात?

त्या शनिवारी सकाळी दादाचा व्हिडिओ आला तेव्हा मी शारजातल्या अल नहदाहून दुबईतल्या देराला निघालेल्या बसमध्ये होते. काचेवर रात्रीचं दव आणि धूळ मिळून मातकट ओघळ सुकले होते. व्हिडिओ जॉर्जियातला होता. बर्फात खणलेला मांडीएवढा खड्डा, खड्ड्याच्या एका भिंतीतून कापून मोकळा केलेला बर्फाचा चौकोनी खांब, खांबाच्या डोक्यावर आडवं ठेवलेलं फावडं आणि त्या फावड्यावर थापा मारणारा माझा मोठा भाऊ. तो मोठ्याने थापा मोजत होता. खाली लिहिलं होतं : "रिझल्ट मस्त. आम्ही चौघं येस. मॅडम, तुमचं काय?"

मॅडम म्हणजे मी. मी 'नाही' म्हटलं, तर ते चौघं त्या दिवशी डोंगरावर जाणार नव्हते. तसा आमचा नियम होता, आणि तो नियम माझ्यामुळेच झाला होता. मी मात्र तोवर एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं. मी कशालाच फारसं नाही म्हणत नाही. होही म्हणत नाही. शाळेच्या प्रत्येक रिपोर्ट कार्डवर 'वेल बिहेव्ड, मस्ट स्पीक अप इन क्लास' हे एकच वाक्य असायचं.

आम्ही दोघं वाळवंटात वाढलेली मुलं. बर्फ पहिल्यांदा पाहिला तो मॉलमध्ये, काचेच्या मागे. तिथेच दादा स्की करायला शिकला, आणि त्याच्या मागे लागून मीही. तिथला बर्फ मशीन बनवतं. वरपासून खालपर्यंत तो एकसारखा असतो, काल होता तसाच आज असतो. तिथे भाई भेटले. भाई रत्नागिरीकडचे, देरात त्यांचं स्पेअर पार्ट्सचं दुकान. पन्नाशीला आले तरी दर शुक्रवारी नमाजनंतर भाड्याचे बूट घालून हजर असायचे. मला ते 'बाय' म्हणतात, दादाला 'हिरो'. स्की त्यांना आमच्यापेक्षा चांगली येते आणि ते हळू बोलतात, त्यामुळे आम्ही त्यांना आपोआप पुढारी मानलं.

मॉलचा उतार संपतो लगेच. वर जायला दहा मिनिटं, खाली यायला एक. दोन वर्षांत दादाला त्याचा कंटाळा आला आणि त्याने लिफ्ट नसलेले डोंगर शोधले. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची, म्हणजे चढावर ती मागे घसरत नाही, आणि तीन-चार तास चालत वर जायचं. मग पट्टी काढून कोणीही न तुडवलेल्या बर्फातून खाली यायचं. इथला रेसिडन्स व्हिसा असला की जॉर्जियाला वेगळा व्हिसा लागत नाही, म्हणून जॉर्जिया. गेल्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा बरोबर गाईड होती. चाळिशीची, वाऱ्याने गाल फुटलेली बाई. तिने पहिले दोन दिवस आम्हाला स्की करूच दिलं नाही, फक्त खणायला लावलं.

खणल्यावर कळतं की डोंगरावरचा बर्फ एक नसतो. तो थराथराने पडलेला असतो आणि प्रत्येक थराचा स्वभाव वेगळा. एखादा थर साखरेसारखा मोकळा असतो. मूठ वळली तरी गोळा होत नाही, पाक चुकलेल्या रव्यासारखा. त्याच्यावर वाऱ्याने आणलेला बर्फ बसतो तो घट्ट, लादीसारखा. म्हणजे उतारावर साखर पसरायची आणि तिच्यावर लादी ठेवायची. ती लादी कित्येक दिवस तशीच राहते. मग कोणीतरी नेमक्या जागी पाय देतं आणि अख्खी लादी माणसासकट खाली जाते. थापा मारायच्या त्या यासाठी. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. खांब जितक्या लवकर मोडेल तितकं वाईट. दादाच्या व्हिडिओतला खांब खांद्यातल्या सातव्या थापेपर्यंत उभा होता.

गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी आम्ही एका सपाट पठारावरून रांगेने चाललो होतो. मी शेवटची. अचानक पायाखाली 'धप्प' झालं. आवाज मोठा नव्हता. वरच्या मजल्यावर कोणी गादी टाकावी तसा. पण त्याबरोबर मी खाली बसले, बोटभर, आणि माझ्याबरोबर आजूबाजूचं सगळं पठार बोटभर खाली बसलं. गाईडने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हा आवाज ऐकू आला तर थांबा आणि ओरडा. खालचा साखरेचा थर मोडल्याचा तो आवाज असतो. पुढच्या कोणीच मागे वळून पाहिलं नाही. वारा होता, सगळ्यांच्या टोप्या कानांवर होत्या. मला वाटलं, मला भास झाला असेल. मग वाटलं, आता ओरडले तर सगळे थांबतील, माझ्याकडे बघतील, आणि काही नसलं तर? मी गप्प चालत राहिले. अर्धा तास त्या पठारावर मी श्वाससुद्धा हळू घेत होते. काही झालं नाही. पण ते बोटभर खाली बसणं माझ्या अंगात राहिलं. अजूनही आमच्या टॉवरची लिफ्ट थांबताना जरा दचकते, तेव्हा माझं पोट तसंच आत ओढलं जातं.

परत आल्यावर सराव चालू राहिला तो वाळूत. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला शोधायला छातीवर एक छोटं यंत्र बांधतात, बीकन. त्याचा सिग्नल पकडून शोधायचं, मग लांब सळई खुपसायची, मग खणायचं. पंधरा मिनिटांच्या आत, कारण त्यानंतर आतल्या माणसाचा भरवसा नसतो. आम्ही एक बीकन बिस्किटाच्या डब्यात घालून वाळूच्या टेकडीत पुरायचो आणि घड्याळ लावायचो. दुरून जाणारे चारचाकीवाले गाडी हळू करून बघायचे. एकदा एक अरब म्हातारे थांबले आणि त्यांनी विचारलं, काय हरवलं? भाई म्हणाले, "अजून काही नाही, इन्शाल्ला."

एका सकाळी बाबाही आले होते. बाबा इथे बांधकामावर साइट इंजिनिअर. आम्ही डबे का पुरतो हे त्यांना नीट माहीत नव्हतं. दादाने घरी सांगितलं होतं की हा एक गेम आहे. आईबाबांच्या डोक्यात जॉर्जिया म्हणजे मोठा मॉल होता. बाबा वाळूच्या कड्याकडे बघत म्हणाले, "सुकी वाळू साधारण चौतीस अंशांवर उभी राहते. त्याच्या वर गेली की सुटते." मी फोनमधल्या अ‍ॅपने उतार मोजला. तेहतीस. बर्फाच्या लाद्या सुटतात त्या याच उतारांवर, तीस ते पंचेचाळीस. तेव्हापासून मी डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. चढताना घोट्यामागून वाळू सरकायला लागते तो उतार पायांनीच लक्षात ठेवला आहे.

त्याच दिवशी गाडीत बाबांनी एका कार्डाची गोष्ट सांगितली. त्यांच्या साइटवर प्रत्येकाच्या खिशात एक लाल कार्ड असतं, सोनापूरच्या मजुरांच्या कॅम्पवरून येणाऱ्या हेल्परच्यासुद्धा. धोका दिसला की कार्ड काढायचं, काम बंद. कोणी का म्हणून विचारायचं नाही.

"काढतात?" मी विचारलं.

"कार्ड सगळ्यांकडे आहे," बाबा म्हणाले. "काढत कोणी नाही. फोरमन बघत असतो ना."

ही गोष्ट मी भाईंना सांगितली. भाईंनी चहाचा कागदी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे कार्ड जो साइटवर नाही त्याच्याकडं पाहिजे. ज्याला फोरमन दिसत नाही, न् बर्फ पण दिसत नाही." मला नवी नोकरी लागली होती, प्रोबेशनचे सहा महिने सुट्टी मिळणार नव्हती. या वर्षी मी जाणार नव्हते. दादा हसला. "म्हणजे आमचा जीव हिच्या हातात? ही पिझ्झा ऑर्डर करायला मला फोन देते."

"तुझा जीव तसा पण हलका हाय, हिरो," भाई म्हणाले.

असं ते ठरलं. रोज सकाळी खड्ड्याचे फोटो आणि खांबाचा व्हिडिओ ग्रुपवर, आठच्या आत माझं उत्तर. तिथलं आणि इथलं घड्याळ एकच. त्या खोऱ्यासाठी धोक्याचं रोजचं पत्रक निघत नाही, म्हणून जे काही कळणार ते खड्ड्यातूनच. मी गप्प राहिले तर काय, हे ठरवायचं कोणालाच सुचलं नाही. माझ्या बाबतीत ते आधी सुचायला हवं होतं.

पहिले दोन दिवस गाईड होती. तेव्हा हो म्हणणं सोपं होतं. तिसऱ्या दिवशी, म्हणजे त्या शनिवारी, ती दुसऱ्या गटाबरोबर गेली आणि हे चौघं एकटे होते. भाई, दादा आणि मॉलमध्येच ओळख झालेलं एक नवरा-बायकोचं जोडपं. बेत असा होता की गेस्टहाऊसच्या समोरच्या बाजूने खिंडीपर्यंत चढायचं आणि खिंडीच्या पलीकडच्या उतारावरून खाली यायचं. पलीकडचा उतार मी गेल्या वर्षी वरून पाहिला होता. नंतर वाळूच्या कड्यावर चढताना माझ्या पायांना तोच उतार आठवला होता.

बसमध्ये मी व्हिडिओ तीनदा पाहिला. काहीतरी खटकत होतं. चौथ्यांदा दादाकडे न बघता मागे पाहिलं. कोपऱ्यात एक लाकडी खांब होता. त्याला निळी दोरी, दोरीवर दोन चिमटे. ती दोरी मी ओळखत होते. गेल्या वर्षी माझे ओले मोजे तिच्यावर रात्रभर वाळत होते आणि सकाळी लाकडासारखे कडक झाले होते. ती गेस्टहाऊसच्या परसातली कपड्यांची दोरी होती.

मी लिहिलं, "खड्डा कुठे खणलात?"

भाईंचं उत्तर लगेच आलं. "घराच्या मागेच गो बाय. थंडी लय हाय. स्नो तोच ना सगळा."

मी ते वाक्य वाचलं आणि मला मॉलची काच आठवली. मशीनचा बर्फ सगळीकडे तोच असतो. आम्ही सगळे त्याच बर्फावर शिकलो होतो. आम्हा सगळ्यांच्या डोक्यात कुठेतरी खोल तेच बसलं होतं की एका जागी पाहिलं म्हणजे सगळीकडचं पाहिलं. परसातली जमीन सपाट, घराच्या आडोशाला, वारा न लागणारी. तिथला खांब सत्तावीस थापा सोसणारच. त्याचा खिंडीपलीकडच्या उताराशी काही संबंध नव्हता.

आणि वारा होता. मी वर सरकून आदल्या संध्याकाळचा दादाचा व्हिडिओ उघडला. त्याने तो सुंदर आहे म्हणून पाठवला होता. मावळतीच्या उजेडात समोरच्या डोंगराच्या माथ्यावरून पांढरा धूर निघत होता, चुलीतून निघावा तसा, एकाच दिशेला, पलीकडे. तो धूर म्हणजे उडणारा बर्फ. रात्रभर तो या बाजूने उचलून त्या बाजूला टाकला जात होता. त्यांना जिथून खाली यायचं होतं, नेमका तिथे.

  मी 'नाही' लिहिलं. मग खोडलं. मग 'आय थिंक मेबी' असं काहीतरी लिहिलं आणि तेही खोडलं. तेवढ्यात दादाने मला वेगळा मेसेज केला. "प्लीज, आज ड्रामा नको. कालपासून सगळे याच दिवसाची वाट बघतायत. यू आर स्केअर्ड ऑफ एस्कलेटर्स."

एस्कलेटरची गोष्ट खरी आहे. लहानपणी माझी ओढणी त्यात अडकली होती.

मला वाटलं, ऑफिसात पोचून नीट लिहू. कारणं देऊन, नंबर घालून, म्हणजे हसणार नाहीत. आठला दहा मिनिटं होती. मी देराला उतरले, रस्ता ओलांडला, टेबलाशी पोचले आणि पर्स ठेवते तोच मॅनेजरने हाक मारली. एका कंटेनरच्या कागदांत वजन चुकलं होतं. ते शांत माणूस आहेत. मी "सर, टू मिनिट्स" म्हटलं असतं तर ते थांबले असते. मी म्हटलं नाही. फोन पर्समध्ये राहिला आणि मी पंचवीस मिनिटं त्यांच्या केबिनमध्ये उभी राहून आकडे वाचत होते. तोंडाने किलो म्हणत होते आणि डोळ्यांसमोर निळी दोरी.

बाहेर आले तेव्हा ग्रुपवर दादाचा मेसेज होता, आठ वाजून सहा मिनिटांचा. "मौनीबाबांची हरकत नाही असं समजतो. निघालो. यल्ला."

मी ताबडतोब लिहिलं, "नाही." एकच टिक. गेस्टहाऊसपासून शंभर पावलांवर नेटवर्क संपतं. दादाला फोन लावला, लागला नाही. भाईंना लावला, लागला नाही. मग मी जिन्यात गेले. आमच्या ऑफिसच्या जिन्यात कोणी येत नाही, सगळे लिफ्टने जातात. तिथे उभी राहून मी एकट्या भाईंना वेगळ्या मेसेजमध्ये सगळं लिहिलं. खड्डा आडोशाला आहे. वारा रात्रभर पलीकडे होता. पलीकडे नवी लादी असणार. खिंडीतून मागे फिरा, चढलात त्याच वाटेने उतरा. मी कधीच मराठीत लिहीत नाही, इंग्रजीत हात चालतो, पण त्या दिवशी ते मराठीतच आलं, जोडाक्षरं चुकत. एक टिक.

मग मी गेस्टहाऊसच्या मालकिणीला फोन केला. बुकिंगच्या जुन्या ईमेलमध्ये नंबर होता. अनोळखी बाईला आपणहून फोन करणं ही माझ्यासाठी काय गोष्ट आहे हे दादाच सांगू शकेल. तिला इंग्रजी चार शब्द येत होते.

"माय ब्रदर," मी म्हटलं. "माउंटन. नो. स्टॉप."

ती काहीतरी बोलत राहिली. मग दार उघडल्याचा आवाज आला, वारा आला, तिच्या पायांखाली बर्फ करकरला. "आय सी," ती म्हणाली. "अप. फोर. स्मॉल."

"कॉल देम? शाउट?"

"स्मॉल," ती पुन्हा म्हणाली, समजावल्यासारखी. "स्मॉल, स्मॉल."

मी फोन ठेवला आणि पायरीवर बसले. मला ते दिसत होते. पांढऱ्या कागदावर चार मुंग्या, आणि त्या चढत होत्या ती बाजू धोक्याची नव्हती. तिथला मोकळा बर्फ वाऱ्याने उचलून नेलेला, खाली कडक. त्यांना चढताना सगळं घट्टच लागणार होतं. जितकं वर जातील तितका त्यांचा विश्वास वाढणार होता.

एकच जागा होती. खिंडीत नेटवर्क येतं. गेल्या वर्षी खिंडीत पाय ठेवल्याबरोबर सगळ्यांचे फोन एकदम वाजले होते आणि गाईडने कपाळावर हात मारला होता. दादा तिथे फोन काढेल तो फोटोसाठी, मेसेज बघणार नाही. पण भाईंची एक सवय आहे. कुठल्याही उंच जागी पोचले की ते रत्नागिरीला अम्मीला फोन करतात. उंच इमारतीच्या गच्चीवरूनही केलेला मी पाहिला आहे. "अम्मी, वर आलोय," एवढंच सांगतात. अम्मीला फोन करायचा म्हणजे फोन हातात येणार. हातात आला म्हणजे माझं नाव दिसणार. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

चढायला साडेतीन तास. मी टेबलाशी बसले. कागदांवर शिक्के मारले. दर काही मिनिटांनी फोन उलटा करायची, एक टिक बघायची, पुन्हा पालथा घालायची. दहाच्या सुमारास मला बीकनचा आवाज ऐकू यायला लागला, सराव करताना यायचा तसा, जवळ गेलं की भराभर वाजणारा. प्रिंटर होता. मी मनात पंधरा मिनिटं मोजून पाहिली, घड्याळाकडे बघत. पंधरा मिनिटांत मी तीन ईमेल लिहिले. एवढाच वेळ असतो.

अकराला आईचा फोन आला. "दादाचा काही मेसेज?"

"सकाळी आला होता."

"त्याला म्हणावं स्वेटर आतून घाल, जॅकेट वरून. उलटं करतो तो. आणि काल कोणीतरी सांगत होतं, तिकडे घसरडं असतं म्हणून."

"सांगते," मी म्हटलं.

"तुझा आवाज असा का?"

"एसी," मी म्हटलं. शारजा-दुबईत या उत्तरावर कोणी पुढे विचारत नाही.

अकरा चाळीसला टिक दोन झाल्या. मी बघत असतानाच झाल्या. मग निळ्या झाल्या. भाईंनी वाचलं होतं. मी फोन दोन्ही हातांत धरून बसले. उत्तर नाही. 'टायपिंग' असं येऊन गेलं, पुन्हा काही नाही. मला वाटलं, वाचून त्यांनी दादाला दाखवलं असेल, दादा हसला असेल. मला वाटलं, आत्ता, या क्षणाला, एक जण उतारावर आहे आणि बाकीचे वर थांबून बघतायत. एका वेळी एकच जातो, तोही नियम. त्यामुळे गेलाच तर एकच जातो.

अकरा बावन्नला एक शब्द आला. "परततोय."

त्यानंतर काही नाही. मला बरं वाटायला हवं होतं. पण परतणारी माणसंही डोंगरावरच असतात. मी जेवले नाही. दीडला ऑफिस सुटलं, मी बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले आणि दोन बसगाड्या जाऊ दिल्या, कारण बसमध्ये वाईट बातमी आली तर उतरता येणार नाही असं काहीतरी डोक्यात होतं. सव्वादोनला एका अनोळखी परदेशी नंबरावरून फोन आला. पलीकडे भांड्यांचे आवाज.

"फोर," मालकीण म्हणाली. "हिअर. सूप."

तिला आपणहून फोन करावासा वाटला होता. मी "थँक यू" म्हटलं, चार-पाचदा तेच म्हटलं असावं. शेजारी उभा असलेला माणूस सरकून थोडा लांब उभा राहिला.

दादाने ग्रुपवर एकच मेसेज टाकला. "हॅपी?"

बुधवारी दुपारी आम्ही त्याला आणायला एअरपोर्टवर गेलो, अर्ध्या दिवसाची परवानगी मी स्वतः जाऊन मागितली होती. तो गाडीत पुढे बसला. आई मागून विचारत होती, खाल्लंस का, हा गाल कशाने भाजला. तो "हं" म्हणत होता. मग आरशात न बघता मला म्हणाला, "दुसऱ्या दिवशी तिथून पाच जण उतरले. आम्ही खिडकीतून बघत होतो. काही झालं नाही. पाच जण."

"कुठून?" बाबांनी विचारलं.

"असंच. एका स्लोपवरून."

 तो चुकीचं सांगत नव्हता. लादी बसलेली असते, एक दिवस जातो, कधी ती धरते. ते पाच जण उतरले म्हणून आदल्या दिवशी हे चौघं उतरले असते का, हे कोणालाच कधी कळणार नाही. चूक झाली की नाही हे या कामात बहुतेक वेळा कळतच नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

आईबाबा आधी वर गेले. सामान घेऊन आम्ही दोघं दुसऱ्या लिफ्टने. दार बंद झाल्यावर दादाने फोन काढला आणि एक फोटो माझ्यासमोर धरला. त्याच्या स्कीची टोकं आणि पुढे पांढरं. टोकांपासून एक बारीक रेघ निघाली होती, पेन्सिलीने ओढावी तशी, आणि ती सरळ पुढे जाऊन फोटोच्या बाहेर गेली होती.

"भाई अम्मीशी बोलत होते," तो म्हणाला. "मी व्ह्यू घ्यायला चार पावलं पलीकडे गेलो. ही अशी सुटली. आवाज न करता. एका बसएवढी लांब. मी मागे आलो."

"त्यांना सांगितलंस?"

लिफ्ट चौदाव्या मजल्याला होती. तो आकड्यांकडे बघत होता.

"सगळे पट्ट्या काढत होते. हसत होते. मला वाटलं, बोललो तर..." तो थांबला. "मग भाईंनी तुझा मेसेज वाचून दाखवला. मी म्हटलं, ठीक आहे, जाऊ या परत. एवढंच म्हटलं. रेघेचं नाही सांगितलं. अजून नाही सांगितलं."

आयुष्यभर सगळ्यांच्या वतीने बोलत आलेला माझा भाऊ. लिफ्ट थांबली, जराशी दचकली, आणि माझं पोट आत ओढलं गेलं. त्याचंही गेलं असावं. त्याने कठडा धरला.

त्या रविवारी मॉलमध्ये त्याने भाईंना फोटो दाखवला. मीही होते. भाईंनी तो मोठा करून पाहिला, परत दिला आणि बूट घालायला घेतले. मग म्हणाले, "आजपासून बाय गप्प राहिली तर नाही समजायचं. आणि खड्डा तिथं, जिथं उतरायचं."  मौनीबाबा हा शब्द त्याने त्यानंतर वापरलेला नाही.

पुढच्या वर्षी माझं प्रोबेशन संपलं होतं, सुट्टीही होती. भाईंनी विचारलं, येतेस का. मी म्हटलं, मी घरीच बसते. तिथे गेले तर मी पुन्हा रांगेत शेवटची असेन आणि टोपी कानांवर असेल. पाच दिवस रोज सकाळी सात वाजता मी आधी 'नाही' लिहायची आणि ते तसंच ठेवून फोटो उघडायची. खड्डा कुठे आहे, उतार कुठल्या दिशेला, रात्री वारा कुठून होता. ते 'नाही' पुसायला कारण सापडलं तर पुसायचं. तीन दिवस सापडलं. दोन दिवस सापडलं नाही, आणि मी ते पाठवलं. 

दोन्ही दिवस ते गेस्टहाऊसमध्ये पत्ते खेळत बसले. दुसऱ्या दिवशी दादाने सुपाचा फोटो पाठवला. खाली काहीच लिहिलं नव्हतं.